प्रश्न धक्क्यावरच विचारावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. मी काही वक्ती नव्हे. मंडळाची चिटणीस म्हणून हिशेबाची वही सांभाळणे आणि वर्गणीसाठी दारोदार फिरणे एवढाच माझा व्यासंग. परंतु गेल्या वेळी आपण तेरा जणी मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाने जाऊन आलो, त्याची हकीकत सांगा, असा आग्रह झाल्यावर नाही म्हणवेना. प्रवासवर्णन मात्र मी करणार नाही. समुद्र निळा होता, सूर्यास्त सुंदर होता, हे त्या तेरा जणींनी आपल्याला एव्हाना तेरा वेळा सांगितलेच असेल. मला बोलायचे आहे ते प्रश्नांविषयी. निघण्याआधी आम्ही कोणते प्रश्न विचारले, कोणते लाजेने विचारले नाहीत, आणि त्याची किंमत काय पडली, एवढाच माझा विषय.

आपली वाडी म्हणजे रस्त्याचे गाव. अमरावती रस्त्यावर उभे राहिले की देशातल्या हरेक प्रांताचा ट्रक दिसतो. ट्रान्सपोर्टची कार्यालये, गोदामे, हमाल, वजनकाटे यांतच आपली मुले लहानाची मोठी झाली. टायर कुठला चांगला आणि कोणत्या घाटात गाडी तापते, हे इथल्या बाईलाही ठाऊक असते. पण समुद्र? तो आपल्यापासून आठशे किलोमीटरवर. तेव्हा जहाजाचा विषय निघाला, त्या दिवशी आमच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो असा : "अवो, जहाजाले ब्रेक असते का?" विचारणाऱ्या मावशींच्या घरच्या दोन गाड्या रस्त्यावर आहेत. सगळ्या हसल्या. मीही हसले. पण खरे सांगते, उत्तर आमच्यापैकी एकीलाही येत नव्हते. हसणाऱ्या अकरा आणि मी बारावी, अशा बारा अज्ञानी बाया एका शहाण्या बाईला हसत होत्या.

आता माझी स्वतःची चूक सांगते. जाहिरातीत एक आकडा छापलेला होता. तो मी वहीत उतरवला, त्याप्रमाणे प्रत्येकीकडून पैसे गोळा केले. कुणी भिशीचे दिले, कुणी शिवणकामाचे साठवलेले दिले, एकीने तर नातवाच्या बारशाला आलेली पाकिटे फोडली. मग मी आरक्षण करणाऱ्या गृहस्थांकडे गेले. तेव्हा कळले की तो आकडा नुसत्या भाड्याचा. बंदराचे शुल्क वेगळे, कर वेगळा, सेवकांच्या बक्षिसीची ठरावीक रक्कमही वेगळी. आणि तो आकडा माणशी असला तरी एका खोलीत दोघे राहणार हे धरून. हे सारे जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत होते. त्या गृहस्थांना दोष देऊन काय उपयोग? "सगळे मिळून शेवटी किती?" हे चार शब्द मी विचारले नव्हते. का विचारले नव्हते? तर आपण अडाणी दिसू म्हणून! त्या लाजेपायी मला पुन्हा बारा घरांचे उंबरठे झिजवावे लागले, आणि "एवढे अजून द्या" म्हणताना जी लाज वाटली ती पहिल्या लाजेच्या दसपट होती.

दुसरी चूक याहून मोठी, आणि ती माझ्या एकटीची नव्हे. आम्ही तेरा. दोघींना एक खोली धरली तर सहा जोड्या झाल्या आणि एक उरली. एकट्या प्रवाशाला खोली हवी असेल तर बहुतेक जहाजांवर जवळजवळ दोघांचे भाडे द्यावे लागते. हे बैठकीत मी वाचून दाखवले आणि क्षणभर कुणी बोलले नाही. मग आपल्यातल्या एक काकू, ज्यांचे यजमान त्याच वर्षी गेले होते, हळूच म्हणाल्या, "मी नाही येत व्हो. मले पाणी पाहून गरगरते. तुम्ही जा." आम्ही सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि त्यांचे नाव खोडले. भगिनींनो, ही बाई वेणेच्या काठच्या गावात वाढलेली, पुरात पोहणारी! तिला पाणी पाहून कशाचे गरगरते? पण आम्ही विचारले नाही. तिने सांगितलेले कारण आमच्या सोयीचे होते म्हणून आम्ही ते खरे मानले.

दोन दिवस माझे मन मला खात होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्या आरक्षणवाल्यांकडे गेले आणि या वेळी वहीत प्रश्न लिहून नेले. एका खोलीत तिघी राहू शकतात का? राहू शकतात. वरच्या बाजूला उघडणारा तिसरा बिछाना असतो. तिसरीचे भाडे किती? पहिल्या दोघींपेक्षा कमी. झाले! पाच खोल्या दोघींच्या, एक तिघींची. तेरा पूर्ण झाल्या आणि हिशेब उलट थोडा हलका झाला. काकूंकडे जाऊन मी एवढेच म्हणाले, "तिघींच्या खोलीत एक जागा रिकामी आहे, वरचा पलंग आहे, चढता येईल का?" त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "चढता नाही आले तर तुम्ही वर जा, मी खाली निजतो." अशा रीतीने त्यांचे गरगरणे बरे झाले.

यानंतर मुंबई. बंदरावर पोचलो तेव्हा भली मोठी रांग होती. रांगेत माणूस एकटा राहत नाही. आमच्या पुढे दादरच्या एक बाई होत्या, तिसऱ्यांदा जहाजावर चाललेल्या. मागे पुण्याचे एक निवृत्त जोडपे, बाजूला सुरतेचे आजी-आजोबांसह अकरा जणांचे कुटुंब. पाच मिनिटांत अशी प्रश्नोत्तरे सुरू झाली की जणू लग्नघरच!

"तुमची खोली कुठली हो?"

"आतली. खिडकी नाही."

"अरेरे!" पुण्याच्या बाई म्हणाल्या.

"अरेरे कशाला?" दादरच्या बाईंनी उत्तर दिले. "खोलीत झोपायचे तेवढे. खिडकीचे पैसे वाचवा आणि वर गच्चीवर बसा. तिथला समुद्र सगळ्यांना सारखाच दिसतो."

"आणि पोटात ढवळले तर?"

"म्हणून तर खोली मागताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली मागावी. झोपाळ्याचे टोक जास्त हलते की मध्य? तसेच."

पुण्याचे काका हळूच पुटपुटले, "आम्ही सर्वांत वरची, अगदी टोकाची घेतली. जास्त पैसे देऊन." त्यांच्या पत्नीने त्यांच्याकडे जे पाहिले त्यावरून आतली खोली किती सुखाची हे आम्हाला कळले.

सुरतेच्या आजींनी विचारले, घरचे थेपले नेता येतील का. दादरच्या बाई म्हणाल्या, घरचे उघडे खाणे बहुधा आत नेऊ देत नाहीत, नियम आधी वाचावा. हे ऐकताच आमच्या शिक्षिकाबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या पिशवीत चार किलो चिवडा होता. मग काय विचारता! त्या रांगेतच चिवड्याचे वाटप झाले. मुंबई, पुणे, सुरत सर्वांनी खाल्ला, हमालांनी खाल्ला, आणि वाडीच्या चिवड्याची कीर्ती बंदरभर झाली.

या हसण्याखिदळण्यातच एक गोष्ट घडली ती सांगण्यासाठी मी आज मुख्यतः उभी आहे. मोठे सामान तिथेच द्यायचे असते आणि ते नंतर परस्पर खोलीच्या दाराशी येते. आमच्या बॅगा पुढे सरकत होत्या. दादरच्या बाई सहज, थट्टेच्या सुरात म्हणाल्या, "दागिने गेले तरी चालतील, औषधे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा हो. बॅग खोलीशी यायला कधीकधी संध्याकाळ होते." आमच्यातली एक भगिनी एकदम पांढरीफटक पडली. तिला साखरेचा विकार आहे. जेवणाआधी सुई टोचून घ्यावी लागते. हे तिने आमच्यापैकी कुणालाही सांगितले नव्हते, कारण मग "हिला कशाला न्यायचे" असे कुणी म्हणेल ही भीती. औषध मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी. ती धावली, बॅग परत मागितली, उघडली, औषध काढून पिशवीत ठेवले. त्या दिवशी आमच्या बॅगा खरोखरच दिवेलागणीनंतर आल्या.

त्या दादरच्या बाईंचे नाव आम्ही विचारलेच नाही. त्यांनी काही उपदेश केला नव्हता. आपल्यावर जे एकदा बेतले असेल ते पुढच्या बाईवर बेतू नये म्हणून सांगितले, इतकेच.

आमच्या मंडळातल्या मालवणच्या काकू, ज्यांचे यजमान आपल्या आयुधनिर्माणीत नोकरीला होते, त्या रात्री गच्चीवर म्हणाल्या, "आमच्या लहानपणी आगबोटीवर असेच चालायचे." त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या आगबोटी सुटत. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जात. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्या बंद. कित्येक बंदरांत आगबोट काठाला लागत नसे. ती दूर उभी राहायची आणि माणसांना लहान पडावात उतरून काठ गाठावा लागायचा, लाटेवर पडाव वरखाली होत असताना, कडेवर पोर आणि डोक्यावर बोचके घेऊन. स्वस्त तिकिटाच्या उतारूंनी उघड्या डेकवर सतरंजी अंथरायची. शेजारच्या सतरंजीवरची बाई विचारायची, "गो बाय, खयची तू?" आणि तिथून पडावात पाय कधी टाकायचा, कुठल्या बाजूला वारा लागत नाही, लिंबू जवळ आहे का, असे सगळे शिक्षण रात्रभरात होऊन जायचे. पुढे रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि त्या आगबोटी गोष्टींत उरल्या. अलीकडे २०१८ साली 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा मार्गावर आली, २०२१ सालापासून 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून निघू लागले, आणि समुद्राची वाट हौसेसाठी का होईना पुन्हा उघडली.

पण भगिनींनो, ज्या बाईला शेजारच्या सतरंजीवर कुणी नव्हते, तिची आठवण मला त्या रात्री झाली. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या आगबोटीने अमेरिकेला निघाल्या. वय नुकतेच अठरा पूर्ण. ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. निघण्याआधी, २४ फेब्रुवारीला, त्यांनी श्रीरामपूर येथे भर सभेत भाषण केले. ते भाषण म्हणजे लोकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे होती. अमेरिकेला का जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्याच का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? काही संकट आले तर काय कराल? कुणा बाईने केले नाही ते तुम्ही का करावे? असे एकूण सहा प्रश्न. त्यांनी एकही टाळला नाही. प्रश्न बोचरे होते, तरी त्यांचा अनुक्रम लावून एकेकाला उत्तर दिले.

आणि आनंदीबाईंनीही प्रश्न विचारले होते. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या गावी कार्पेंटरबाई राहत. त्यांनी गोपाळरावांचे छापून आलेले पत्र वाचले आणि या कधीही न पाहिलेल्या मुलीला पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे दोघींची पत्रे समुद्र ओलांडत होती. आनंदीबाई त्या बाईंना मावशी म्हणत. सातासमुद्रापलीकडची, परधर्माची, परभाषेची बाई मावशी झाली ती कशाने? एकीने मोकळेपणाने विचारले, दुसरीने प्रामाणिकपणे सांगितले, म्हणून. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, आणि पोचल्यावर त्या प्रवासाची हकीकत मराठीत लिहून इकडे पाठवली. 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने ती त्याच वर्षी छापली गेली. मागे राहिलेल्यांना कळावे, हीच त्यातली बुद्धी.

आता थोडे गंभीर बोलते. काही प्रश्न असे असतात की ते न विचारल्यास पैसे जात नाहीत, प्राण जातात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे बावीसशे माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती ११७८ जणांची. एवढे भव्य जहाज, दिवाणखाने, वाद्यवृंद. पण होड्या मोजल्या कुणी? त्यानंतर १९१४ साली राष्ट्रांनी एकत्र बसून प्रवाशांच्या सुरक्षिततेचा करार केला. आणि हे सारे जुने झाले असे समजू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नाव आदळली. बोटीला परवानगी ८४ उतारूंची, आणि आत माणसे शंभराहून अधिक. इतके दूर तरी कशाला जावे? आपल्याच बाजूच्या वेणा जलाशयात २०१७ सालच्या जुलै महिन्यात सहलीच्या तरुणांची नाव उलटली. त्या दिवशी घरी परत न आलेल्या पोरांच्या आयांना आपण पाहिले आहे. तेव्हा जहाज असो की तलावातली नाव, पाय टाकण्यापूर्वी विचारा : यात किती माणसे बसायची परवानगी आहे? माझ्या वाट्याचे जीवरक्षक जाकीट कुठे आहे? हा प्रश्न विचारणारी बाई भित्री नव्हे.

मोठ्या जहाजावर निघण्यापूर्वी सर्व उतारूंना संकटाच्या वेळचा सराव करावा लागतो. सात वेळा आखूड भोंगा आणि मग एक लांब भोंगा, हा इशारा. तो ऐकला की खोलीतल्या सामानाला हात न लावता ठरलेल्या जागी जमायचे, उद्वाहनाने नव्हे, जिन्याने. अनेक प्रवासी या सरावाला कंटाळतात. आमच्या शेजारी एक तरुण सारखा छायाचित्रे काढत होता. आमच्या ब्रेकवाल्या मावशी त्याला म्हणाल्या, "बाबू, फोटो मंग काढ. पहिले भोंगे मोज." त्याने मुकाट्याने मोजले.

त्याच मावशींनी सराव संपल्यावर पांढऱ्या गणवेशातल्या एका अधिकाऱ्याला गाठले आणि आपला प्रश्न विचारलाच. मी लाजून दोन पावले मागे सरले. तो तरुण अधिकारी मात्र हसला नाही. म्हणाला, "आजी, ब्रेक नसतो. पंखा उलटा फिरवून वेग मारावा लागतो, आणि एवढे धूड थांबायला फार लांबचे अंतर लागते. म्हणून आम्हाला पुष्कळ आधी पाहावे लागते." मावशी म्हणाल्या, "म्हणजे घाटात भरलेला ट्रकच की!" तो म्हणाला, "अगदी तसेच." मग दोघांचे दहा मिनिटे संभाषण झाले. नांगर हा ब्रेक नसून थांबलेल्या जहाजाला धरून ठेवण्यासाठी असतो, हेही त्यात कळले. ज्या प्रश्नाला आम्ही बारा जणी हसलो होतो, तो त्या जाणकाराला सर्वांत नेमका वाटला. परत येताना मी मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कायची व्हो? तुले बी तर उत्तर भेटले ना!"

परत वाडीला आलो. काकूंना वरचा पलंग आवडला होता. साखरेचा विकार असलेली भगिनी आता बैठकीत सर्वांदेखत सांगते की मला अमुक वेळी जेवायला लागते, आणि तिच्यासाठी कार्यक्रमाची वेळ आपण सांभाळतो. समुद्रावरून आणलेल्या शंखशिंपल्यांपेक्षा मला ही कमाई मोठी वाटते.

म्हणून आज माझी एक सूचना आहे. मंडळाच्या कपाटात हिशेबाच्या वहीशेजारी एक प्रश्नवही ठेवावी. जी भगिनी प्रवासाला जाईल, मग तो जहाजाचा असो, चारधामचा असो, की लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी विमानाचा असो, तिने परत आल्यावर त्यात दोन गोष्टी लिहाव्यात. मी कोणता प्रश्न विचारला तो एक, आणि कोणता विचारायला हवा होता तो दुसरा. जिला जायचे आहे तिने आधी ती वही वाचावी आणि आपला प्रश्न खाली लिहावा. अक्षर वाईट असले तरी चालेल, शुद्धलेखन चुकले तरी चालेल. कुणाच्या प्रश्नाला हसायचे नाही, एवढा एकच नियम.

पहिले पान मी लिहून आणले आहे. त्यावर माझे चुकलेले चार शब्द आहेत : "सगळे मिळून शेवटी किती?" त्याच्या खाली तिघींच्या खोलीचा हिशेब आहे, आणि त्याच्या खाली दादरच्या त्या अनोळखी बाईंचे वाक्य, औषध हातातल्या पिशवीत. चौथी ओळ मावशींची. ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. वही इथे टेबलावर ठेवते आणि आपली रजा घेते.